मनगटात नस दबली असताना किनेसिओ टेप: कुठे, किती ताणून आणि कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा: आईचे वय ५२. कोथरूडमध्ये घरून पोळी-भाजीचे डबे देतात, रोज दीडशेच्या आसपास पोळ्या. तीन-चार महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या येतात. रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येते, हात झटकला की बरे वाटते. डॉक्टरांनी कार्पल टनेल सांगितले आहे. व्हिडिओ बघून निळी किनेसिओ टेप, म्हणजे कातडीला चिकटवायची ताणणारी कापडी पट्टी, मनगटाभोवती दोन वेढे ताणून गुंडाळली. बोटे सुजल्यासारखी झाली, मुंग्या वाढल्या, दुसऱ्या दिवशी टोके सुटली आणि कडेला पुरळ आले. टेपचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर ती लावायची कशी?

उपयोग होतो, पण मर्यादित. तुम्ही जशी लावली तशी लावली तर मात्र अपायच होतो. गोल वेढा हीच यातली सर्वात मोठी चूक आहे, म्हणून आधी तिचे कारण सांगतो.

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची खोलगट पन्हळ असते आणि तिच्यावर आडवा, चिवट पडदा ताणलेला असतो. हा बोगदा म्हणजेच कार्पल टनेल. त्यातून बोटे आणि अंगठा मिटणारे नऊ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि त्यांच्यासोबत मिडियन नर्व्ह ही नस जाते. जागा ठरलेली, छत न हलणारे. टेंडनभोवतीचे आवरण जरा सुजले की दाब वाढतो आणि त्यात सर्वात मऊ गोष्ट म्हणजे नर्व्ह, ती चेपली जाते. निरोगी हातात, मनगट सरळ असताना, बोगद्यातला दाब साधारण २.५ मिलिमीटर पारा इतका असतो. कार्पल टनेलच्या रुग्णांत तो मनगट सरळ असतानाच ३०च्या आसपास आढळतो आणि मनगट पूर्ण आत किंवा मागे वाकवले की ९०च्या पुढे जातो. झोपेत आपण हात मुडपून उशीखाली घेतो, म्हणून त्रास रात्री जास्त. अशा बोगद्यावर बाहेरून ताणलेल्या टेपचे दोन वेढे घालणे म्हणजे दाबात भरच. शिवाय शिरांतून परतणारे रक्त अडते आणि बोटे फुगतात.

या टेपबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. १९७०च्या दशकात जपानमधले कायरोप्रॅक्टर (हातांनी मणके आणि सांध्यांवर उपचार करणारे) केंझो कासे यांनी ही पद्धत काढली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर रंगीत पट्ट्या जगभर दिसू लागल्या. टेप कातडी उचलते, आत जागा करते, दाब कमी होतो, असे डब्यावर लिहिलेले असते. कातडी किंचित उचलली जात असेलही, पण बोगद्याचे छत तिच्या खाली आहे आणि ते टेपने तसूभर हलत नाही. कार्पल टनेलवर टेपचे जे छोटे अभ्यास झाले आहेत त्यांत काही आठवड्यांपुरता वेदनेत आणि कामात थोडा फरक दिसतो. रात्री घालायच्या स्प्लिंटपेक्षा (मनगट सरळ धरून ठेवणारा, आत धातूची पट्टी असलेला पट्टा) टेप ठामपणे सरस आहे, असे त्यांतून म्हणता येत नाही. माझ्या मते तिचे खरे काम दोन प्रकारचे आहे. कातडीवरच्या सततच्या हलक्या स्पर्शाने वेदनेची जाणीव कमी होते. आणि मनगट वाकायला लागले की कातडी ओढली जाऊन हात आपोआप सरळ होतो. दिवसा काम करणाऱ्या माणसाला ही दुसरी गोष्ट फार उपयोगी पडते, कारण स्प्लिंट घालून पोळ्या लाटता येत नाहीत.

टेप आणण्याआधी एवढे पाहून घ्या. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागात असतील आणि करंगळी मोकळी असेल, तर चित्र कार्पल टनेलचे आहे. करंगळी बधिर असेल तर नस बहुधा कोपरापाशी दबते आहे आणि मनगटावर काहीही लावून फरक पडणार नाही. मान वळवल्यावर कळ दंडातून खाली येत असेल तर मान तपासा. दोन्ही तळपायांनाही मुंग्या असतील तर शुगर आणि बी-१२ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे अगदी नेहमीचे आहे. आईंच्या वयात थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. थायरॉइड कमी असणे आणि मधुमेह, ही दोन्ही कार्पल टनेलची कारणे आहेत, आणि ती सापडली तर आधी त्यांवर उपचार. घरच्या घरी एक खूण पाहता येते: दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली सोडून, मनगटे मुडपलेल्या स्थितीत ६० सेकंद थांबायचे. त्या मिनिटात नेहमीच्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. जोर लावून दाबू नका.

आता टेप. ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब रोल घ्या. कापसाच्या विणीची, उष्णतेने चिकटणाऱ्या अॅक्रिलिक गोंदाची आणि लेटेक्स नसलेली. मागच्या बाजूला गोंद लाटांसारख्या रेषांत दिसला पाहिजे, सपाट थरात नाही. सर्जिकलच्या दुकानात पांढरी, न ताणणारी खेळाडूंची टेप मिळते, ती वेगळी. ती मनगटावर या कामासाठी नको. रंगाने गुण बदलत नाही. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने कडेचे धागे निघतात आणि टेप तिथूनच सुटायला लागते.

ताणाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण पुरळ आणि फोड यातूनच येतात. चांगली टेप कागदावरून काढली की मूळ लांबीच्या साधारण दीडपट ताणते, म्हणजे १० सेंटिमीटरची १५. कागदावर ती आधीच थोडी, १० ते १५ टक्के, ताणून चिकटवलेली असते. ‘२५ टक्के ताण’ म्हणजे उपलब्ध ताणाचा पाव भाग, लांबीचा पाव भाग नव्हे. १० सेंटिमीटरला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढ. व्हिडिओ बघून लोक जे ओढतात ते बहुतेक वेळा याहून बरेच जास्त असते. पहिल्यांदा लावण्याआधी टेबलावर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरचा तुकडा सव्वा सेंटिमीटर ओढून पाहा, बोटांना अंदाज येईल. दोन्ही टोकांचे ४-५ सेंटिमीटर मात्र शून्य ताणाने, नुसते ठेवून दाबायचे. टोक ताणलेले असले की ते कातडीला सतत ओढत राहते. तुमच्याकडे पुरळ कडेलाच आले आणि टोके आधी सुटली, ते यामुळेच.

नेहमीची पद्धत बोटांच्या भोकांची आहे. साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर पट्टी कापा, चारही कोपरे गोल करा. एका टोकापासून ५ सेंटिमीटरवर घडी घालून घडीवर दोन लहान तिरके छेद द्या, म्हणजे उघडल्यावर चौकटच्या आकाराची दोन भोके तयार होतात. ती मधल्या बोटात आणि अनामिकेत जातात. भोक बोटापेक्षा लहानच ठेवा, टेप ताणून बसते. भोकापाशी कागद फाडून लहान भाग हाताच्या पाठीवर बिनताणाचा चिकटवा. मग कोपर सरळ, मनगट मागे वळवलेले, आणि पट्टी तळहातावरून, मनगटाच्या मधोमध, हाताच्या आतल्या बाजूने कोपराच्या आतल्या हाडाच्या टोकाकडे न्या. ताण १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे कागदावरून जशी सुटते तशीच ठेवायची, हाताने ओढायची नाही. हाडाच्या टोकाआधी तीन-चार सेंटिमीटरवर संपवा. मनगट सरळ केल्यावर टेपवर बारीक सुरकुत्या पडतील, ते बरोबर आहे.

हवी असल्यास यावर एक आडवी पट्टी: ११ सेंटिमीटर, मधोमध कागद फाडून मधला भाग मनगटाच्या घडीवर पाव ताणाने, आणि दोन्ही टोके पाठीकडे बिनताणाची. मागे दोन बोटांचे अंतर मोकळे राहिलेच पाहिजे. बायकांच्या मनगटाचा घेर साधारण १५-१६ सेंटिमीटर असतो, म्हणून ११च्या पुढे जाऊ नका. ही पट्टी लावल्यावर वीस मिनिटांत मुंग्या वाढल्या तर ती लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. काही हातांना ती अजिबात सोसत नाही, आणि तिच्याशिवायही काही अडत नाही.

तळहातावरची टेप आयटीवाल्याला, शिक्षकाला, शिवणकाम करणाऱ्याला चालेल. तुमच्या आईंना चालणार नाही. कणकेचे पाणी आणि तेल तासाभरात गोंद सोडवते, सुटलेल्या कडेत पीठ अडकते, आणि डब्यांचे अन्न करताना तळहातावर ओली टेप असणे स्वच्छतेच्या दृष्टीनेही बरे नाही. त्यांच्यासाठी हाताच्या पाठीवरची पट्टी बरी. २५ सेंटिमीटर, भोके नाहीत. बोटांच्या पेरांमागे २ सेंटिमीटर सोडून हाताच्या पाठीवर टोक बसवा. मनगट बरोबर सरळ ठेवा, वाकवलेले नाही आणि मागे उचललेलेही नाही. पट्टी मनगटावरून हाताच्या वरच्या बाजूने कोपराच्या दिशेने न्या. फक्त मनगटावरच्या मधल्या १० सेंटिमीटरला एक तृतीयांश ताण द्या, म्हणजे दीड-पावणेदोन सेंटिमीटर वाढ. पुढचे टोक बिनताणाचे. लावून झाल्यावर मनगट आत मुडपले तर पाठीवर ओढ जाणवली पाहिजे, पण मूठ सहज बंद झाली पाहिजे. एका रोलमधून अशा वीस पट्ट्या निघतात.

लावण्याआधी हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा. आदल्या रात्री खोबरेल लावलेले असेल तर दोनदा धुवा. तेलाचा अंशही राहिला तर टेप संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हातावर केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा, त्याच दिवशी वस्तरा नको. पहिल्यांदा लावताना २-३ सेंटिमीटरचा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला २४ तास ठेवून पाहा. तुमच्याकडे पुरळ एकदा आलेच आहे, त्यामुळे ते पूर्ण बरे होईपर्यंत थांबा आणि मग ही चाचणी कराच. तुकड्याखालीच खाज आली तर गोंद सोसत नाही, विषय संपला. चिकटवल्यावर तळव्याने अर्धा मिनिट चोळा, गोंद उबेने पकड घेतो. अर्धा तास पाणी आणि घाम टाळा, म्हणजे ओट्याशी उभे राहण्याच्या बेतात असताना लावू नका. बांगड्या आणि घड्याळ त्या हातातून काढा. काचेच्या बांगड्या टेपच्या कडेवर घासून ती उचलतात आणि रात्री स्प्लिंटखाली रुततात. मनगटाला गंडा बांधलेला असेल तर तो कोपराकडे सरकवा.

टेप कोरड्या दिवसांत तीन ते पाच दिवस टिकते. जून ते सप्टेंबर, पुण्याची ओल आणि स्वयंपाकघराची वाफ मिळून, दोन-तीन दिवस धरून चाला. अंघोळ चालते, नंतर टिपून कोरडे करा, घासू नका आणि ड्रायरची गरम हवा देऊ नका. कड सुटली तर तेवढीच कापून टाका, वरून दुसरी पट्टी चिकटवू नका. काढताना टेपवर खोबरेल चोळून दहा मिनिटे थांबा. मग टेप वर ओढण्याऐवजी एका हाताने टेपची कड धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कातडी टेपपासून दूर दाबत जा, केसांच्या दिशेने. भर्रकन ओढली तर वरचा पातळ थर निघतो आणि पुढची पट्टी त्यावर लागली की जखम. दोन पट्ट्यांमध्ये एक पूर्ण दिवस कातडी मोकळी ठेवा.

उघडी जखम, चिरा, बुरशी किंवा इसब असलेल्या कातडीवर टेप नको. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या (ऑपरेशनने रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर कधीही नको. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूला डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह जुना असेल तर बधिर कातडीला फोड जाणवत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहायचे.

रात्रीचा स्प्लिंट टेपपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि त्यातही चुका होतात. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी २०-३० अंश मागे वाकलेली असते, कारण तो आकार मुरगळलेल्या मनगटासाठी बनवलेला असतो. कार्पल टनेलला मनगट सरळ हवे. तळहाताकडच्या खिशातून पट्टी ओढून काढा, ओट्याच्या कडेवर दाबून सपाट करा आणि परत घाला. स्प्लिंट बोटांच्या मुळाआधी संपला पाहिजे, म्हणजे मूठ बंद होते. पट्टे इतके सैल की करंगळी खाली सरकेल. घट्ट स्प्लिंट म्हणजे पुन्हा तोच वेढा. रोज रात्री, किमान सहा आठवडे. आठवड्यातून चार रात्री घालून फरक नाही म्हणणाऱ्यांचे काही खरे नाही. पाठीवरची टेप लावलेली असली तरी वरून स्प्लिंट चालतो, फक्त कड मुडपलेली नाही ना ते पाहा. टेपवर क्रेप बँडेज मात्र गुंडाळू नका.

कामाची पद्धत न बदलता टेपकडून अपेक्षा करू नका. लाटण्यापेक्षा कणीक मळणे जास्त नडते, कारण तळहाताच्या टाचेने, मनगट मागे वाकवून, अंगाचा भार बोगद्यावरच पडतो. दीडशे पोळ्यांची कणीक हाताने मळण्यापेक्षा यंत्र घ्या. व्यवसाय आहे, त्यात ते भागते. तोवर कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, ती सैल पडते, आणि मळताना मनगट सरळ ठेवून मुठीने दाबा. पोळपाट कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली असावा. जमिनीवर बसून लाटताना हात खाली उतरतो आणि मनगट मागे वाकते, ओट्याशी ते सरळ राहते. ओटा उंच वाटला तर पायाखाली पाट घ्या. लाटणे मुठीत आवळू नका, उघड्या तळव्याने फिरवा. तीस पोळ्यांनंतर दोन मिनिटे हात खाली सोडायचे. ओले कपडे पिळायचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. दुचाकी त्याच चालवत असतील तर अॅक्सिलरेटर धरताना मनगट खाली पडून मागे मुडपते का ते पाहा. कोथरूड ते स्वारगेट खड्ड्यांतून आणि सिग्नलवरून जाताना अर्धा तास मूठ आवळलेली राहते, तोही भारच.

व्यायाम थोडे आणि हलके. बोटे सरळ; मग फक्त वरची पेरे आकड्यासारखी वळवलेली; मग पूर्ण मूठ; मग बोटे मुळापासून काटकोनात; मग अंगठा बाहेर ठेवून सपाट मूठ. प्रत्येक स्थिती तीन सेकंद, असे पाच फेरे, दिवसातून दोन-तीनदा. मुंग्या सुरू झाल्या की तिथेच थांबा. रबरी चेंडू दाबत बसू नका. कुणीतरी हमखास तो आणून देतो, पण ज्या टेंडनना विश्रांती हवी त्यांनाच त्याने कामाला लावले जाते.

टेपला दोन आठवडे द्या. त्यात दिवसाच्या मुंग्या कमी झाल्या नाहीत तर टेप सोडून द्या, वेगवेगळे आकार करून पाहण्यात अर्थ नाही. स्प्लिंटचे सहा आठवडे नीट होऊनही रात्रीची जाग जात नसेल तर नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) करून ऑर्थोपेडिक किंवा हाताच्या सर्जनना दाखवा. बोगद्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन बऱ्याच जणांना काही महिने आराम देते. यापैकी काही दिसले तर सहा आठवडे थांबूच नका: बोटे दिवसभर बधिर राहणे, हातातून कप किंवा पातेले निसटणे, सुईत दोरा ओवता न येणे, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसणे. दोन्ही तळवे उजेडात शेजारी धरून पाहा, फरक चटकन कळतो. हा स्नायू एकदा आटला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असे नाही. पडल्यानंतर किंवा हाड मोडल्यानंतर अचानक बोटे बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय.

ऑपरेशन ठरले तर ते लहान असते, बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी सोडतात. हलकी कामे दोन आठवड्यांत जमू लागतात, कणीक आणि लाटणे मात्र साधारण सहा आठवडे धरून चला. जखमेवर टाके असेपर्यंत टेप नाही. डब्यांचे ग्राहक सांभाळायचे म्हणून तारीख दिवाळीच्या ऑर्डरीनंतरची घ्यायला हरकत नाही, पण ती मुंग्या फक्त रात्री येत असतील तरच. बोटे दिवसाही बधिर असतील तर यंदा चकल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्या आणि तारीख आधीची घ्या.